पाय पाहून कापलेलं अंथरूण

टाकेकाकूंना थंडी फार वाजायची. फार म्हणजे किती, तर शेजारीपाजारी पंख्याखाली बसून घाम पुसत असले तरी काकू खिडकीशी उन्हाचा तुकडा शोधत असायच्या. सिनेमाला जाताना शाल न्यायच्या, दवाखान्यात गेल्या की आधी एसी बंद करायला लावायच्या. एकदा बँकेत बोटं इतकी गारठली की सही जुळेना आणि त्यांना हात हलवत परत यावं लागलं. लहानपणी पाच भावंडांत मिळून एक मोठी रजई होती आणि काकू सगळ्यांत धाकट्या, त्यामुळे त्यांच्या वाट्याला नेहमी रजईची कड. थोरली बहीण अजून म्हणते, "ही जन्माला आली तीच हुडहुडत." आणि अशा बाईची गाठ कोणाशी पडावी? तर बर्फाच्या कारखान्यात कंप्रेसर सांभाळणाऱ्या मेकॅनिकशी. संध्याकाळी नवरा घरी आला की काकू दारातच ओरडायच्या, "आधी तो स्वेटर बाहेर टांगा, मग आत या!"

टाकेकाकू हे काही त्यांचं नाव नव्हे. डोंगरात जाणाऱ्या लोकांना तंबू, जॅकेटं, स्लीपिंग बॅगा भाड्याने देणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत त्या तेवीस वर्षं काम करत होत्या. परत आलेला माल धुवायचा, वाळवायचा, फाटलं असेल तिथे टाके घालायचे. खोलीत दोन मोठे टब, खिडकीखाली लांबलचक टेबल, जाळीची मांडणी आणि कपडे वाळवायच्या यंत्राचं एक धूड होतं. त्या धुडात ओल्या बॅगेबरोबर काकू टेनिसचे तीन चेंडू टाकत, म्हणजे आतल्या पिसांचे गोळे फुटतात. दिवसभर धाड धाड आवाज चालायचा. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मागे कोणाला तरी बदडताहेत.

आता गंमत अशी की काकू आयुष्यात कधी डोंगरावर गेल्या नव्हत्या, पण डोंगरावरच्या रात्रींबद्दल त्यांना जेवढं कळायचं तेवढं चार शिखरं केलेल्यांनाही कळत नसे. कारण लोक वर काय पराक्रम करून आले हे सांगतात, आणि बॅग काय झालं ते दाखवते. बॅगेचा गळा ओला आणि आंबूस, म्हणजे गडी तोंड आत घालून श्वास सोडत बसला होता. पाठीखालची पिसं चप्पट, म्हणजे खाली एकच पातळ मॅट आणि रात्रभर जमिनीने ऊब शोषून घेतली. आत सुती बनियनचा घामट वास, म्हणजे चढताना भिजलेल्या कपड्यांतच झोपला. काकू बॅग खिडकीसमोर धरायच्या, उजेड कुठून जास्त येतो ते बघायच्या आणि पुटपुटायच्या, "ह्याचे पाय गारठलेत. आणि दुकानात सांगून गेला, मस्त झोप लागली म्हणे!"

तेवीस वर्षं हे असं बघून बघून काकूंना डोंगराची ओढ लागली असं कोणी म्हणेल, तर ते तितकंसं खरं नाही. काकूंना आधी राग आला. एवढी धडधाकट माणसं, एवढं भारी सामान, आणि साधं झोपता येत नाही! मग रागातून विचार आला की ही वेंधळी माणसं जर वर जाऊन येतात, तर मी नीट झोपून का जाऊ नये? दुकानाच्या दारावर गिर्यारोहण मंडळाची जाहिरात दर वर्षी लागायची. हिवाळी शिबिर, खालच्या तळावर एक रात्र, वरच्या तळावर एक रात्र, वय पंचवीस ते साठ. काकूंना साठावं लागलं होतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मालकांकडे कामासाठी नाही, तर फॉर्मसाठी पेन मागितलं.

घरी सांगितल्यावर नवरा जेवता जेवता थांबला. "अगं, तू फ्रिज उघडताना तोंड फिरवतेस."

"म्हणूनच," काकू म्हणाल्या. "ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ज्याला थंडी वाजत नाही त्याला उबेची काय अक्कल असणार?"

काकांनी मान डोलावली. पण चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, चाचणीशिवाय काही चालू करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. बर्फाच्या कारखान्याशेजारी भाज्या गोठवून ठेवायच्या खोल्या होत्या, आणि तिथला आत्ताचा सुपरवायझर काकांच्या हाताखाली शिकलेला. रविवारी दुपारी मालाची चढउतार बंद असे. वाटाण्याच्या खोलीत उणे बारा. दार नुसतं लोटायचं, बाहेर काका स्टूल टाकून बसणार, दर दहा मिनिटांनी दार ठोठावणार आणि आतून काकूंनी "आहे!" म्हणायचं, असं ठरलं.

पहिल्या रविवारी काकूंनी जी तयारी केली ती बघून कोणाचाही विश्वास बसला नसता की ही बाई ह्याच विषयातली जाणकार आहे. अंगात सुती बनियन, त्यावर दोन स्वेटर, त्यावर जॅकेट. दोन पँटी. पायात तीन जोड मोजे. आणि एवढं सगळं घालून, सामान स्वतः उचलून तीन जिने चढून त्या घामाघूम होऊन आत शिरल्या आणि दुकानातल्या सगळ्यांत जाड बॅगेत स्वतःला कोंबून बसल्या. खाली एक मॅट. पहिला "आहे!" खणखणीत आला. तिसरा जरा चिरका आला. चौथ्याला दार आतूनच उघडलं आणि काकू निळ्या ओठांनी बाहेर आल्या.

"झालं शिखर?" काकांनी विचारलं.

काकूंनी चहाचे दोन कप संपवले. मग एकदम कपाळावर हात मारला. लोकांच्या बॅगांतून ज्या ज्या चुका त्यांनी तेवीस वर्षं वेचून काढल्या होत्या, त्या सगळ्या एका दुपारी स्वतः करून दाखवल्या होत्या. दुसऱ्याच्या घामाचा वास येतो, स्वतःचा येत नाही म्हणतात ते असं. भिजलेलं सुती कापड अंगाला चिकटलं होतं. मोजे इतके घट्ट की बोटांना हलायला जागा नाही, मग रक्त तिथवर जाणार कसं? कपड्यांच्या बोचक्याने बॅग आतून ताणली गेली आणि पिसं दबली, आणि दबलेलं पीस म्हणजे नुसतं कापड. वर बॅग साडेसहा फुटी माणसाची. काकू जेमतेम पाच फूट. पायाखालची उरलेली रिकामी जागा तापवता तापवताच त्यांची सगळी ऊब खर्च झाली होती.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. काकूंनी पाय पाहून अंथरूण कापायचं ठरवलं.

दुकानात एक बॅग भंगारात काढलेली होती. कोणीतरी शेगडीजवळ ठेवून तिच्या पायाकडे वाटीएवढं भोक पाडलं होतं आणि मालकांनी तिच्यावर फुली मारली होती. काकूंनी ती मागून घेतली. घरच्या न्हाणीघरात खिडकी बंद, दाराखाली ओला टॉवेल, नाकाला रुमाल, आणि मग कात्री. जळका भाग दीड वीत कापून टाकला. त्यातली चांगली पिसं कप्प्याकप्प्याने काढून पायाच्या आणि कमरेच्या कप्प्यांत भरली, कारण गारठतात ते तेच. जोडाला बारीक दुहेरी टाका घातला. दोन दिवस ते न्हाणीघर कोणाला वापरू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी काका आंघोळ करून आले तर त्यांच्या भुवयांना पिसं चिकटलेली, आणि काकूंनी ती चिमटीने परत काढून घेतली. "चांगली आहेत," म्हणाल्या, "वाया कशाला घालवायची?"

दुसऱ्या रविवारी काका सामान उचलून पुढे गेले आणि काकू सावकाश जिना चढल्या. घाम येऊ द्यायचाच नाही. आत शिरायच्या आधी कोरडे कपडे घातले: अंगालगत पातळ लोकरीचा सदरा आणि विजार, त्यावर एक सैल, केसाळ जॅकेट, डोक्याला टोपी, पायात एकच पण ढिला जोड. जाड जॅकेट अंगात न घालता बॅगेवर पांघरलं. खाली दोन मॅट, एक फोमची आणि तिच्यावर फुगवायची. बॅग अर्धा तास आधी झटकून फुगवून ठेवली होती. मांड्यांच्या मध्ये गरम पाण्याची बाटली. आणि आत जाण्याआधी गूळ-शेंगदाण्याची मूठ, कारण चुलीत लाकूडच नसेल तर झाकण लावून काय उपयोग?

दोन तास "आहे!" येत राहिला. पुढे पुढे तर काकूच आतून विचारू लागल्या, "अहो, इथे वाटाण्याच्या पेट्या चारशे बारा आहेत, एवढे वाटाणे खातं कोण?" काकांनी घड्याळ खिशात घातलं आणि ते हसले.

मंडळाची सामान तपासणी एका शाळेच्या हॉलमध्ये असे. प्रत्येकाने आपलं सामान सतरंजीवर मांडायचं आणि मंडळाचे सर हातात यादी घेऊन फिरणार. सर म्हणजे मंडळातला शेवटचा शब्द. सडपातळ, ताठ, बोलणं मोजकं. तरुणपणी पाय गारठलेल्या दोन साथीदारांना त्यांनी एकेक करून पाठीवर खाली आणलं होतं, त्यातल्या एकाची बोटं गेली. तेव्हापासून यादीबाहेरचं सामान आणणाऱ्याला ते घरी पाठवत, आणि त्यात त्यांचं चूक होतं असं कोणी म्हणू नये. यादी मात्र त्यांनी वीस वर्षांपूर्वी केलेली होती. सुती बनियन दोन. जाड बॅग एक. मॅट एक.

काकूंच्या सतरंजीपाशी ते थांबले. "ही बॅग कापलेली आहे."

"हो. मीच कापली."

"बाई, हे घरगुती प्रयोग वर चालत नाहीत. नाव कमी करतो."

हॉलमधले लोक वळून बघू लागले. काकूंचे कान लाल झाले. त्या क्षणी त्या निमूट सामान गुंडाळून निघाल्या असत्या तर कोणी नावं ठेवली नसती, पण साठ आणि त्यांच्यामध्ये आता काही महिन्यांचंच अंतर उरलं होतं, आणि हे नाव आज कमी झालं तर कायमचं कमी होणार होतं. त्या उठल्या आणि शेजारच्या सतरंजीवरची बॅग उचलून खिडकीसमोर धरली. "ह्यांना डाव्या कुशीला थंडी वाजणार. इथे पीसच नाही, बघा, उजेड दिसतोय." दुसरी उचलली. "ही ठीक आहे, पण ह्या मुलीला दीड फूट मोठी आहे. पायाशी जास्तीचे कपडे कोंब गं, पोकळी ठेवू नकोस." मग सरांच्या स्वतःच्या सामानाकडे बोट केलं. तिथे त्यांची बॅग तिच्या पिशवीत गच्च आवळून, पपईएवढी करून ठेवलेली होती. "आणि सर, ही वर्षभर अशीच आवळलेली असते ना?"

"वीस वर्षं. शिस्त आहे ती."

"शिस्त तुमची, जीव तिचा जातो. पीस दाबून ठेवलं की मरतं. तिला मोकळी टांगा हो."

कोणीतरी मागे खुसखुसलं. सर हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. त्यांनी काकूंची बॅग उलटसुलट करून पाहिली. "ठीक आहे. खालच्या तळावर एक रात्र काढा. सकाळी मी सगळ्यांदेखत विचारीन. थंडीने जाग आली असेल तर खरं सांगायचं. तिथे जीप उभी असेल, ती तुम्हाला खाली आणेल. नियम सगळ्यांना सारखा."

"सगळ्यांना ना?" काकूंनी विचारलं.

"सगळ्यांना."

खालच्या तळावर त्या वर्षी अंदाज पार चुकला. उणे चार म्हणता म्हणता पारा उणे अकरावर गेला. सकाळी तंबूंवर पांढरा थर, पाण्याच्या पिंपावर बर्फाचं झाकण, आणि शिबिरातले चौदाच्या चौदा लोक उजाडायच्या आधीपासून पाय आपटत शेगडीभोवती फिरत होते. चौदा म्हणजे काकू सोडून. त्यांच्या तंबूतून काही हालचाल नव्हती. स्वयंपाकाच्या माणसाने दोनदा हाक मारली, उत्तर नाही. आता लोकांचे चेहरे उतरले. सर स्वतः गेले, गुडघ्यावर बसून तंबूची चेन ओढली. आत टोपी आणि नाक एवढंच दिसत होतं.

"बाई! ऐकू येतंय का?"

"आहे!" काकू डोळे न उघडता म्हणाल्या, आणि मग जागा लक्षात येऊन उठून बसल्या. "अगबाई, उजाडलं?"

बाहेर आल्या तेव्हा सगळे गोल करून उभे होते. जीपवाला इंजिन तापवत होता. सरांनी ठरल्याप्रमाणे विचारलं, "रात्री जाग आली का?"

"आली. एकदा."

सर एक पाऊल पुढे आले. "थंडीने?"

"नाही हो. तुमचे दात वाजत होते. आपले तंबू शेजारी ना."

लोक असे हसले की पिंपावरचा बर्फ तडकावा. पण सर हसले नाहीत, आणि काकूंनाही बोलून गेल्यावर वाईट वाटलं, कारण त्या माणसाचा चेहरा राखेसारखा झाला होता. सरांनी हातातला कप खाली ठेवला. "बरोबर आहे. मला रात्रभर झोप नाही. नियम मी केलाय, जीपमध्ये आधी मी बसतो." आणि ते खरोखरच पाठपिशवी आणायला वळले. हसू जागच्या जागी विरलं. सर खाली गेले तर वरचा तळ कोणालाच नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. तेवीस वर्षं ज्या जागेबद्दल नुसतं धुण्यातून कळलं होतं, ती काकूंच्याही हातातून सुटत होती.

"बसायचं तर खुशाल बसा," काकू म्हणाल्या. "पण आधी ती बॅग इकडे आणा. आणि जीपवालेदादा, बारा वाजेपर्यंत हलायचं नाही. तुमचं बॉनेट मला हवंय."

उन्हं वर आली होती. काकूंनी सरांची बॅग सूर्यासमोर धरली. मधला सगळा भाग आरपार दिसत होता, पिसं कडांना गोळे होऊन बसली होती. मग त्यांनी ती जीपच्या गरम बॉनेटवर पसरली आणि तीन तास एकेक कप्पा दोन बोटांत धरून, गोळा न गोळा चोळून सोडवला. जरा गरम झाली की झटकायची, उलटायची, परत चोळायची. बोटं लाल झाली. ज्या बोटांची सही एकदा बँकेत जुळली नव्हती त्याच बोटांनी हे चाललं होतं, पण त्यांना तेव्हा ते आठवलंसुद्धा नाही. मध्येच मान वर न करता त्या म्हणाल्या, "सर, अंगात सुती बनियन आहे का?"

"आहे. यादीप्रमाणे."

"काढा. माझ्याकडे लोकरीचा सदरा जास्तीचा आहे, जरा आखूड होईल. आणि मोजे बदला, कोरडे घाला. मॅटही आणखी एक हवी. ती स्वयंपाकाच्या तंबूत पातेल्यांखाली घातलीय ना, ती. पातेल्यांना थंडी वाजत नाही."

बारा वाजता बॅग पूर्वीसारखी झाली नव्हती. वीस वर्षं मेलेलं तीन तासांत कुठून उठणार? पण तळहात आत घातला की ऊब परत येत होती. सरांनी आत हात घातला आणि बराच वेळ काढला नाही. मग जीपवाल्याकडे बघून म्हणाले, "तू जा. रिकामीच ने."

वरच्या तळावर दुसऱ्या दिवशीची सकाळ झाली तेव्हा शेगडीपाशी सगळ्यांत आधी काकू होत्या आणि सगळ्यांत शेवटी सर आले. डोळे चोळत, सुजलेल्या चेहऱ्याने, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत. कोणी काही विचारलं नाही. सरांनी चहा घेतला, दोन घोट घेतले आणि म्हणाले, "काकू, माथ्याच्या धारेवर पुढे तुम्ही चाला. तुमच्या वेगाने सगळे येतील." तोपर्यंत ते त्यांना बाई म्हणत होते.

धार अर्ध्या तासाची होती. काकू सावकाश चालल्या, ठरवूनच, घाम न येऊ देता. पण शेवटचा चढ उभा होता, ऊन थेट अंगावर होतं, आणि आनंद झाला की माणूस जरा भरभर चालतो. माथ्यावर पोचल्या तेव्हा चहूकडे डोंगर पसरले होते आणि काकूंहून वर एकही माणूस नव्हता. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते दाबलं नाही. मग फोन काढला. तिथे रेंज मिळते असं कोणीतरी सांगितलं होतं.

"पोचलीस?" काका ओरडलेच. पलीकडे ते सकाळपासून फोन हातात घेऊन बसले असणार. "बरी आहेस ना? पायांची बोटं हलतात का? खरं सांग, फार गारठा आहे का गं?"

काकूंनी टोपी काढली. मग हातमोजे काढले. "अहो," त्या म्हणाल्या, "मला उकडतंय."

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. मग काकांनी अगदी सभ्यपणे विचारलं, "आपण कोण बोलताय?"

काकू इतक्या मोठ्याने हसल्या की मागून येणारे चौदा जण चढावर थांबून वर बघू लागले. त्यांनी जॅकेटची चेन खालपर्यंत ओढली आणि पुन्हा एकदा सांगितलं.